इंदूरजवळ कृषी पर्यटन सुरू करताय? पहिल्या वर्षी खोल्या बांधू नका

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर. इंदूरच्या या मराठी वस्त्यांमधल्या कितीतरी घरांची महू, सांवेर, देपालपूर किंवा देवासच्या बाजूला थोडीफार जमीन असते. कुणाची वडिलोपार्जित, कुणी नोकरीत असताना घेतलेली. बहुतेकांनी ती बटाईनं दिलेली असते. सोयाबीन निघालं, गहू निघाला, की हिश्शाचे पैसे येतात आणि वर्षातून दोनदा आपण तिथं जाऊन येतो. मग पुण्याकडचे नातेवाईक हुरडा पार्टीचे फोटो पाठवतात आणि घरात विषय निघतो, आपल्या शेतावर असं का नाही करायचं?

करायचं, जरूर करायचं. मालव्यात याला जागा आहे. पण सुरुवात कुठून करायची हे मी चुकून शिकलो. महूच्या पुढं आमचं शेत आहे. तिथं आम्ही पहिल्याच वर्षी कर्ज काढून टाइल्स लावलेल्या दोन खोल्या बांधल्या. इंदूरहून आलेला पाहुणा दिवसभर रमायचा आणि संध्याकाळी पाचला गाडीत बसायचा. घर तासाभरावर असताना तो रात्री कशाला राहील? खोल्या रिकाम्या राहिल्या, हप्ते चालू राहिले. त्या वर्षी पैसे दिले ते चुलीनं, गव्हाच्या ओंब्यांनी आणि विहिरीजवळच्या जांभळाच्या सावलीनं. म्हणून पुढं जे सांगतोय त्याचा क्रम पाळा. आधी एका दिवसाची सहल, मुक्काम सगळ्यात शेवटी.

आधी कागद, मग कुदळ

महाराष्ट्रातल्या माणसाच्या तोंडी सातबारा असतो. आपल्याकडं ते काम खसरा आणि बी-1 करतात, आणि तलाठ्याच्या जागी पटवारी असतो. दोन्हींच्या ताज्या नकला काढा, नकाशाही घ्या. जमीन चार भावंडांच्या नावावर असेल तर चौघांची लेखी संमती घ्या. आज हसत हो म्हणणारा भाऊ, रविवारी शेतात दहा गाड्या उभ्या दिसल्या की हिशेब विचारतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

बटाईदाराशी तर त्याहून आधी बोला. शेत तुमच्या नावावर असलं तरी ते ओळखतो तो. कोणत्या वाफ्यात पाणी कधी सोडलं, कोणती गाय लाथ मारते, कोणत्या बांधावर साप दिसला, हे त्यालाच माहीत असतं. त्याला ‘मजुरी देईन’ म्हणू नका, उत्पन्नातला वाटा ठरवा आणि लिहून ठेवा. पाहुण्यांच्या पायाखाली पीक तुडवलं गेलं तर भरपाई कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहा.

पक्कं बांधकाम करायचं असेल तर शेतजमिनीच्या डायव्हर्जनचा, म्हणजे कागदोपत्री जमिनीचा वापर बदलण्याचा प्रश्न येतो. विटा आणण्याआधी तहसील कार्यालयात विचारा, नंतर नव्हे. पहिल्या वर्षी एक छप्पर, एक चूल आणि स्वच्छतागृह एवढंच करणार असाल तर डोक्याला ताप कमी.

काळी माती आणि शौचालय

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण पाहुणा परत येतो की नाही हे इथंच ठरतं.

मालव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुलैत त्या मातीवर गाडी घातली की चाकाला चार बोटं थर बसतो. आमच्याकडं पहिल्या पावसाळ्यात पाच गाड्या रुतल्या आणि ट्रॅक्टरनं ओढून काढाव्या लागल्या. त्यातल्या एका आजींच्या पायातली चप्पल चिखलात राहिली, त्या अनवाणी छपरापर्यंत आल्या. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून पक्क्या रस्त्यापासून छपरापर्यंत मुरूम टाका आणि दाबून घ्या. गाड्या रस्त्याच्या कडेलाच लावायची सोय झाली तर आणखी चांगलं. छपराशी हातपाय धुवायला नळ आणि चिखल खरवडायला लोखंडी पट्टी हवीच.

शौचालयाचंही तसंच. काळ्या मातीत शोषखड्ड्यातलं पाणी पावसाळ्यात जिरत नाही, ते वर येतं. सेप्टिक टाकी पक्की बांधा, जोत्याखाली मुरमाचा जाड थर द्या, नाहीतर दोन उन्हाळ्यांत भिंतीला तडे जातात. टाकी विहिरीपासून किमान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवी. दोन शौचालयं करा, त्यातलं एक कमोडचं. आपल्या पाहुण्यांत साठीच्या पुढचे लोक बरेच असतात आणि त्यांना उकिडवं बसणं जमत नाही. आत बादली, साबण, खुंटी, कडी लागणारं दार आणि रात्रीसाठी दिवा. एवढं झालं की झालं, संगमरवराची गरज नाही.

पाण्याचंही आधी बघा. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आता मे महिन्यात ट्यूबवेलचं पाणी खाली जातं आणि टँकर मागवावा लागतो. ज्या महिन्यात गावाला पाणी पुरत नाही, त्या महिन्यात पाहुणे घेऊ नका.

ऋतूप्रमाणं चाला

पुण्याची नक्कल करून हुरडा पार्टी ठेवायचा मोह होतो. पण हुरडा ज्वारीचा, आणि मालव्यात सोयाबीन आल्यापासून ज्वारी बरीच मागं पडली. बाजारातून हुरडा आणून इथं भाजण्यात अर्थ नाही. आपल्याकडं गहू आहे, हरभरा आहे. गव्हाच्या हिरव्या लोंबीला आपण ओंबी म्हणतो, मालवी माणूस उंबी म्हणतो. नावंसुद्धा बहिणी-बहिणींसारखी. हरभऱ्याचा हुळाही तसाच दोघांच्या ओळखीचा.

ओंबीची अडचण एकच. दाणा दुधातून जरा घट्ट झाला की जेमतेम आठ-दहा दिवस ती खायला चांगली लागते, मग कडक होते. आम्ही यावर एक उपाय केला. मुख्य शेतात पेरणी नेहमीसारखी नोव्हेंबरात होते, पण छपराजवळच्या छोट्या तुकड्याचे तीन पट्टे पाडले आणि ते दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं पेरले. उशिरा पेरलेल्या पट्ट्याचं उत्पन्न कमी येतं, त्यामुळं तुकडा लहानच ठेवायचा. पण ओंबीचा हंगाम एका आठवड्याऐवजी महिना-दीड महिना चालतो. नव्या माणसाला यापेक्षा कामाची दुसरी गोष्ट माझ्याकडं सांगायला नाही.

ओंबी भाजायची ती वाळलेल्या काटक्यांच्या जाळावर. मुठीएवढी जुडी धरायची, कुसळं जळून जातात, दाणे हिरवट काळे होतात. मग तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची. कोंडा उडतो आणि हातात गरम, गोडसर दाणे उरतात. त्यावर चिमूटभर जिरावन हा इंदुरी मसाला, किंवा शेजारी गुळाचा खडा. शहरातल्या मुलाच्या हातात ही जुडी द्या आणि त्याच्या तोंडाकडं बघा.

बाकीचं वर्ष असं: जुलै ते सप्टेंबर हिरवंगार असतं, पाताळपाणीच्या धबधब्याकडं आणि चोरलकडं जाणारे लोक आपल्याच रस्त्यानं जातात, त्यांना दुपारचं जेवण हवं असतं. 2018 मध्ये पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज रेल्वे सुरू झाली तेव्हापासून त्या खोऱ्याचं नाव घरोघरी झालं. सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीनची काढणी, तेव्हा गावात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. तेवढे तीन आठवडे बंद ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चमध्ये गव्हाची कापणी दाखवता येते. एप्रिल ते जून शेत मोकळं आणि ऊन कडक, तेव्हा दुरुस्त्या करा.

फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस त्या वावरात कुणालाही नेऊ नका. पाहुण्यांचं बुकिंग घेण्याआधी बटाईदाराला फवारणीची तारीख विचारायची सवय लावून घ्या.

चूल हीच मुख्य जागा

जेवणात पनीर-नान ठेवलंत तर तुमच्यात आणि हायवेवरच्या ढाब्यात फरक उरणार नाही. दाल-बाफले ठेवा. आणि ते गावातल्या बाईच्या हातचे हवेत.

बाफल्याला वेळ लागतो, हे नव्या माणसाला आधी कळत नाही. रवाळ दळलेल्या गव्हाच्या कणकेत मीठ, ओवा, हळद आणि तुपाचं मोहन घालून घट्ट मळायचं. गोळे उकळत्या पाण्यात टाकायचे, ते वर तरंगले की काढून कापडावर निथळत ठेवायचे. इथंच बाटीचा आणि बाफल्याचा फरक, बाटी उकडत नाहीत. मग गोवऱ्यांचा निखारा पडला की त्यात शेकायचे, राख झटकायची आणि तुपात बुडवायचे. वीस माणसांसाठी गोवऱ्या पेटवण्यापासून पान वाढेपर्यंत तीन तास धरा. म्हणून पाहुण्यांना सकाळी नऊला बोलवा. अकराला आलेला माणूस दोनपर्यंत उपाशी राहतो आणि चिडतो.

आमच्याकडं शेजारच्या शेतातल्या भाभी बाफले करतात. पहिल्यांदा त्यांनी मान्य केलं तेव्हा एकच अट घातली होती, की फोटो काढायचा तर विचारून काढायचा. तीच अट आम्ही सगळ्या पाहुण्यांना सांगतो. एका वेळी पंधरा ते वीस माणसं, याच्या वर घेऊ नका. भाभींचे दोन हात, चुलीची जागा आणि विहिरीचं पाणी मोजून हा आकडा ठरवायचा, पाहुणे किती यायला तयार आहेत ते बघून नव्हे. थंडीत नाश्त्याला गराडू हा कंद तळून द्या, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. दोन्हींचा कच्चा माल जवळचाच.

स्वयंपाक विकत देताय म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी घ्यावी लागते. लहान व्यवसायासाठी ती साधी आणि स्वस्त असते, टाळू नका.

दिवसभर दाखवायचं काय

बैलगाडी, झोका आणि मातीची भांडी सगळेच ठेवतात. तुमच्याकडं बैल असतील तर गाडी जुंपा, नसतील तर फक्त फोटोसाठी बैल पाळू नका. जे काम त्या दिवशी शेतात खरंच चाललंय तेच दाखवा: पाटाला पाणी लावणं, लसणाची खुरपणी, सकाळची धार.

इंदूरजवळच्या प्रत्येक शेतानं एक गोष्ट मात्र ठेवायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. ती म्हणजे कंपोस्टचा खड्डा. 1924 साली इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. तिथं शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साथीनं शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली आणि 1931 मध्ये ती प्रसिद्ध केली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. 1935 मध्ये गांधीजी इंदूरला आले असताना ते काम बघायला गेले होते. ज्या शहराचं नाव खताच्या पद्धतीला लागलंय, त्या शहरातल्या मुलांना ते माहीत नसतं.

करायला सोपं आहे. दोन फूट खोल खड्डा, त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख, वर पाणी शिंपायचं. असे थर रचत जायचं. साधारण पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, मग दोन महिन्यांनी खालवर करायचं. तीन महिन्यांत खत तयार. आम्ही वेगवेगळ्या वयाचे तीन खड्डे शेजारी-शेजारी ठेवतो. पहिल्यातली वाफ हाताला लागते, तिसऱ्यातलं खत मुठीत घेतलं की पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. पाहुण्यांच्या ताटातलं उष्टं त्यांनीच पहिल्या खड्ड्यात टाकायचं. इंदूरच्या माणसाला ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायचं शिकवावं लागत नाही, 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येणारं शहर आहे ते. तो कचरा पुढं कुठं जातो, हे इथं त्याला डोळ्यानं दिसतं. सुका कचरा मात्र त्यांच्याच गाडीतून परत पाठवा, गावात त्याची सोय नसते.

हिशेब कागदावर मांडा

समजा पंधरा माणसं, माणशी 700 रुपये. आले 10,500. शिधा माणशी 220 प्रमाणं 3,300, स्वयंपाकाच्या दोन बायकांना 600 प्रमाणं 1,200, एका मदतनीसाला 500, गोवऱ्या-साबण-वीज यांचे 500. गेले 5,500. हातात राहिले 5,000, त्यातून बटाईदाराचा वाटा. वर्षाला असे चोवीस रविवार मिळाले तर 1,20,000. यात स्वच्छतागृह आणि मुरूम वर्षा-दोन वर्षांत फिटतात. कर्ज काढून बांधलेल्या खोल्या फिटत नाहीत.

निम्मे पैसे आगाऊ घ्या. पहिल्या वर्षी एका ट्रॅव्हल एजंटानं आमच्याकडं चाळीस माणसं आणली आणि पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला, ते आजवर आलेले नाहीत. तेव्हापासून अ‍ॅडव्हान्सशिवाय कणीक भिजत नाही.

शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून सुटतं, पण पाहुण्यांच्या जेवणा-राहण्याचे पैसे शेतीचं उत्पन्न धरले जात नाहीत. दोन वह्या वेगळ्या ठेवा.

गावाला विचारल्याशिवाय नाही

सरपंचांना भेटा, ग्रामपंचायतीत सांगा, आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांच्या घरी चहाला जा. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: गाड्या कुठं लागणार, दारू चालणार का, आमच्या बायका-मुली नळावर असताना अनोळखी लोक फिरणार का? या तिन्हींची उत्तरं तयार हवीत. दारू नाही, डीजे नाही, आणि शिवाराच्या बाहेर पाहुणा एकटा फिरणार नाही, हे आम्ही बुकिंग घेतानाच सांगतो. काही बुकिंग त्यामुळं जातात, जाऊ द्यावीत.

दूध, तूप, भाज्या, लसूण गावातूनच घ्या आणि जाताना पाहुण्यांना विकत घेता येतील अशी मांडणी करा. ज्या घरचं तूप विकलं जातं, ते घर तुमच्या बाजूनं बोलतं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण काटेकोर: विहिरीवर लोखंडी जाळी, मोटरच्या स्टार्टरला कुलूपबंद पेटी, कुत्रं बांधलेलं. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असतं ते आधी जाऊन विचारून या, आणि तो रस्ता रात्री एकदा गाडीनं जाऊन बघा. 108 क्रमांक छपराच्या खांबावर मोठ्या अक्षरात लिहा. पावसाळ्यात पाहुणे धबधब्याकडं जायचं म्हणतील. डोंगरात वर पाऊस पडला की खाली पाणी अचानक वाढतं, पात्रात उतरू नका असं स्पष्ट सांगा, वाईटपणा आला तरी चालेल.

पाहुणे कुठून येणार

पहिले तीन गट ओळखीचे आणि पैसे न घेता बोलवा. त्यांच्याकडून एकच काम घ्या: काय खटकलं ते कागदावर लिहून द्यायचं, नाव न घालता. आम्हाला पहिल्या गटानं लिहून दिलं होतं की बायकांना कपडे बदलायला जागा नाही. आमच्या कुणाच्या डोक्यातच ते आलं नव्हतं.

नंतर सोसायट्या, ज्येष्ठ नागरिकांचे गट, मराठी मंडळं, भिशीचे गट. शाळा आठवड्याच्या मधल्या दिवशी येतात, त्यामुळं रविवारवरचा भार हलका होतो, पण शाळेसोबत किती शिक्षक येणार ते आधी ठरवून घ्या. गूगल नकाशावर जागा अचूक लावा. फोटो आजचेच टाका. ऑगस्टमधला हिरवा फोटो बघून मार्चमध्ये आलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

मुक्काम कधी

दोन हंगाम नीट गेले, लोक स्वतःहून ‘रात्री राहता येईल का’ विचारू लागले, की मगच. रात्री राहणारा पाहुणा बहुधा इंदूरचा नसतो. तो उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडव असा फिरत असतो. उज्जैन इंदूरपासून 55 किलोमीटरवर, महेश्वर आणि मांडव साधारण 90 ते 100. 2022 मध्ये उज्जैनला महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर झाल्यापासून या रस्त्यांवर बाहेरच्या नंबरच्या गाड्या किती वाढल्या ते आपण रोज बघतो. त्या माणसाला हॉटेलपेक्षा वेगळी, शांत रात्र देता येते.

मध्य प्रदेश टूरिझम बोर्डाकडं होमस्टे, फार्म स्टे, ग्राम स्टे आणि बेड अँड ब्रेकफास्ट अशा वेगवेगळ्या योजनांत नोंदणी होते. शेतावर राहायला ठेवायचं तर फार्म स्टे, गावातल्या घरात ठेवायचं तर ग्राम स्टे बघा. ओरछाजवळचं लाडपुरा खास आणि चंदेरीजवळचं प्राणपूर ही गावं याच राज्यातली, तिथल्या घरांनी पाहुणे कसे सांभाळले ते दोन दिवस राहून बघून या, शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घ्या, रजिस्टर ठेवा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं.

उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थाचं बोलून कुणी तुम्हाला दहा खोल्यांचा आराखडा दाखवेल. दोन महिन्यांच्या गर्दीसाठी बांधलेल्या खोल्या पुढची दहा वर्षं झाडाव्या लागतात. दोन बांधा. जोतं उंच, भिंती जाड, छताला कवेलू म्हणजे कौलं, पुढं पडवी, आणि खिडकी गोठ्याच्या बाजूला, म्हणजे पहाटे धारेचा आवाज आत येईल. आमच्या त्या दोन खोल्यांच्या टाइल्स आम्ही गेल्या वर्षी काढल्या आणि एक भिंत पाडून पडवी केली. आता पाहुणे झोपायला आत जातात, पण रात्री उशिरापर्यंत पडवीतच बसून असतात.